ज्वारीच्या धांड्यातली अळी

गेल्या श्रावणातली गोष्ट. नांदगाव पेठेत आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. त्या दिवशी एक मावशी पाटीवहीबरोबर ज्वारीची तीन झाडे उपटून घेऊन आल्या. एक झाड वीतभर, कोवळे. दुसरे कमरेइतके. तिसरे गुडघ्याइतके, त्याचा पोंगा कुरतडलेला. मावशींनी तिन्ही झाडे आमच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या,

"गुर्जी, तिन्हीत अळी हाय. दवाई एकच आनू, का येगयेगळी?"

मागून एक दादा बोलले, "अळी म्हन्जे अळी. एकच आन. दुकानदाराले सांग, अळीची दवाई दे."

सगळे हसले. आम्ही मात्र हसलो नाही, आणि उत्तरही लगेच दिले नाही. त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शेजाऱ्याची कोवळी ज्वारी अशीच मेली होती. पोंगा सुकला होता. त्याने आम्हाला विचारले. आम्ही शाळेचे हेडमास्तर, म्हणजे आम्हाला सर्व ठाऊक असणार, असे त्याला वाटले आणि आम्हालाही वाटले! आम्ही ऐटीत सांगितले, "हा खोडकिडा आहे." त्याने उधारीवर औषध आणले आणि रानात टाकले. काही उपयोग झाला नाही. तो खोडकिडा नव्हताच. पैसे त्याचे गेले, चूक आमची होती. त्या दिवसापासून झाड चिरून पाहिल्यावाचून आम्ही बोलत नाही.

म्हणून आधी विळा मागवला. कंदील पुढे ओढला आणि तिन्ही झाडे उभी चिरली.

पहिले झाड म्हणजे वीतभर रोप. त्याचा मधला पोंगा पिवळा पडून सुकला होता. ओढताच तो हातात आला आणि त्याला कुजका वास आला. बुडाशी एक पांढुरका, बारीक जीव वळवळत होता. आम्ही म्हणालो, "याचे पाय मोजा." मावशींनी कंदिलाजवळ धरून पाहिले. त्याला पायच नव्हते. ठळक असे डोकेही दिसत नव्हते. म्हणजे ही खरी अळी नव्हे, हे माशीचे पोर आहे. या माशीला खोडमाशी म्हणतात. ज्वारी उगवून आठवडा झाला की ही माशी पानावर अंडी घालू लागते. पहिला महिनाभर तिचे भय असते. आमच्या शेजाऱ्याच्या रानात हीच होती. रोप मेलेले दिसले तेव्हा तिचे काम उरकले होते. मग औषध टाकून काय होणार?

दुसऱ्या झाडाच्या पानांवर आडव्या ओळीत भोके होती, जणू कोणी सुईने टोचली असावीत. धांड्याला एक छिद्र होते आणि छिद्राशी भुसा. आत बोगदा होता. बोगद्यात बोटाच्या पेराएवढी मळकट पांढरी अळी होती. तिचे डोके तपकिरी आणि कडक होते. पाठीवर काळपट ठिपक्यांच्या रांगा होत्या. छातीशी सांधेदार पायांच्या तीन जोड्या आणि मागे मऊ मांसल पाय होते. ही खरी अळी, पतंगाची. हाच ज्वारीचा खोडकिडा. या धड्यात आपल्याला त्याचीच ओळख करून घ्यायची आहे.

तिसऱ्या झाडाच्या पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा भरली होती. तीतून एक अळी निघाली. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढावे तशी फिकी खूण होती. शेपटीच्या जरा आधी चार काळे ठिपके चौकोनात होते. ही अमेरिकेतली लष्करी अळी. २०१८ सालापर्यंत ती आपल्या देशात दिसली नव्हती. त्या वर्षी प्रथम कर्नाटकात सापडली आणि मग मक्यावर व ज्वारीवर चढत सगळीकडे पसरली.

तीन झाडे, तीन जीव. एक माशी, दोन पतंग. तेही पतंग एका कुळातले नव्हेत. आता दुकानदाराला नुसते "अळीची दवाई दे" म्हटले, तर तो काय देईल? जे फडताळात असेल ते देईल.

ही गोष्ट नुसत्या पैशांची नाही. २०१७ सालच्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. कपाशीवर फवारा मारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यातल्या कितींना आपण कोणत्या किड्यावर काय मारतो आहोत हे कोणी नीट सांगितले होते? फवारा पाठीवर घेण्याआधी किड्याचे नाव घेता आले पाहिजे. अक्षरओळखीइतकीच ही ओळख गरजेची आहे, असे आमचे मत आहे.

आता नाव कसे ठरते ते पाहू.

मागच्या धड्यात आपण पोस्टकार्डावर पत्ता लिहायला शिकलो. माणसाचे नाव, मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य. जगातल्या जीवांनाही विद्वानांनी असेच पत्ते दिले आहेत. फरक एवढाच की तो पत्ता मोठ्याकडून लहानाकडे वाचतात. आपला खोडकिडा कोण? प्रथम तो प्राणी. प्राण्यांत ज्यांच्या पायांना सांधे आहेत आणि हाडे आत नसून अंगावर कवच आहे, अशांपैकी. खेकडा, विंचू, कोळी हेही त्यातलेच. त्यांत ज्यांना पाय सहा, ते कीटक. कोळ्याला पाय आठ, म्हणून कोळी हा कीटक नव्हे. कीटकांत ज्यांच्या पंखांवर खवले असतात त्यांचा एक मोठा गट आहे. फुलपाखराला किंवा पतंगाला बोट लावले की पिठासारखी भुकटी लागते ना? ती भुकटी म्हणजे खवले. मासोळीला असतात तसे, पण अती बारीक. अशा खवलेदार पंखांचे दीड लाखाहून जास्त प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. त्या दीड लाखांत पुन्हा कुळे आहेत, आणि आपल्या खोडकिड्याचे कूळ तोंडावरून ओळखू येते.

खोडकिड्याचा पतंग तुम्ही पाहिला असेल, पण लक्ष दिले नसेल. तो वाळल्या गवताच्या रंगाचा असतो.  दिवसा पानाआड निजतो आणि रात्री उडतो. बसला की पंख अंगावर घडी करून घेतो, म्हणजे कडब्याची काडीच पडली आहे असे वाटते. त्याला काचेच्या पेल्याखाली ठेवून बाजूने पहा. तोंडापुढे चोचीसारखे टोक आलेले दिसेल. ही चोच नव्हे आणि सोंडही नव्हे. ओठाखालून निघालेल्या दोन केसाळ दांड्या एकमेकींना चिकटून पुढे आलेल्या असतात. त्यांनी पतंग चाचपतो आणि वास घेतो. रस पिणारी खरी नळी वेगळी असते, ती खाली गुंडाळलेली असते. असे पुढे आलेले थोबाड या घराण्यातल्या पुष्कळ पतंगांना असते. म्हणून इंग्रज लोक त्यांना थोबाडवाले पतंग अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. यांचे सोळा हजारांच्या आसपास प्रकार जगात नोंदले गेले आहेत.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. तांदळात आणि ज्वारीत जे सोंडे पडतात, त्यांनाही पुढे सोंड असते. त्यांच्या नावातच सोंड आहे. पण ते पतंग नव्हेत. त्यांच्या पाठीवर कडक ढाल असते, आणि ते भुंगेऱ्यांच्या जातीतले आहेत. सोंड आहे म्हणून सोयरे मानू नये. हत्तीलाही सोंड आहे.

मात्र सोंड्यांच्या शेजारी, त्याच कोठीत, आपल्या खोडकिड्याचा एक खरा भाऊबंद राहतो. जुने तांदूळ किंवा ज्वारी उघडली की दाण्यांचे पुंजके जाळ्याने एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि करडे पतंग फडफडत बाहेर येतात. बाया त्यांना पाखरे म्हणतात. तो तांदळाचा पतंग. वांगे चिरताना आत जी गुलाबीसर अळी निघते, तीही याच घराण्यातली. मधाच्या पोळ्यातले मेण खाणारी अळीही यांचीच. पण कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी यांची कोणी लागत नाही! ती निराळ्याच कुळातली. ज्वारीत कधीकधी गुलाबी रंगाचा आणखी एक खोडकिडा सापडतो, तो लष्करी अळीच्या कुळातला आहे. रंगावरून नाते धरू नये. एका वाड्यात दोन जण गोरे असले म्हणजे ते सख्खे भाऊ होतात काय?

या थोबाडवाल्या घराण्यात पुढे वाटणी झाली, आणि ती कशावरून झाली ते ऐकून आमच्या वर्गातले लोक चकित झाले. ती कानांवरून झाली. या पतंगांना कान असतात, आणि ते डोक्यावर नसून पोटाच्या सुरुवातीला, खालच्या अंगाला असतात. रात्री वटवाघूळ शिकार करताना बारीक किलबिल करते. आपल्याला ती ऐकू येत नाही, पतंगाला येते. ऐकताच तो गिरकी घेतो किंवा दगडासारखा खाली पडतो. तर या कानांची पेटी काहींत पुढून उघडी असते आणि दोन्ही कानांच्या मधे एक जास्तीची घडी असते. काहींत पेटी बंद असते आणि घडी नसते. यावरून विद्वानांनी एकाची दोन कुळे केली. तांदळाचा पतंग आणि मेणाचा पतंग एका कुळात राहिले. वांग्यातली अळी आणि आपला खोडकिडा दुसऱ्या कुळात गेले. पूर्वीची पुस्तके सर्वांना एकाच कुळात धरतात, हल्लीची दोन धरतात. चुलत्यांची चूल वेगळी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आता पत्त्यातले शेवटचे दोन शब्द. जगभरचे विद्वान या किड्याला चिलो पार्टेलस म्हणतात. शाळेच्या हजेरीपटात जसे आडनाव आधी आणि नाव मागाहून लिहितात, तसेच हे आहे. चिलो हे आडनाव. या आडनावाचे आणखी पुष्कळ आहेत. उसाच्या कोंबात शिरणारा एक चिलो आहे, उसाची कांडी पोखरणारा दुसरा आहे. पार्टेलस हे आपल्या ज्वारीवाल्याचे एकट्याचे नाव.

हे नाव कोणी ठेवले? कर्नल चार्ल्स स्विन्हो नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. तो १८३८ साली जन्मला आणि १९२३ साली वारला. नोकरी पलटणीत, पण नाद पतंगांचा. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्गाचा अभ्यास करणारी संस्था काढली. त्या आठांत हा कर्नल होता. त्याच आठांत आपले दोन डॉक्टर होते. एक आत्माराम पांडुरंग, ज्यांनी प्रार्थना समाज स्थापन करण्यात पुढाकार घेतला. दुसरे सखाराम अर्जुन, डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील. ही संस्था आजही मुंबईत चालू आहे.

या कर्नलाने १८८४ साली कराचीकडच्या पतंगांची यादी छापली. तीत एका पतंगाला त्याने झोनेलस असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १८८५ साली, त्याने मुंबई आणि दख्खनच्या पतंगांवर लिहिले. तेथे एका पतंगाला पार्टेलस म्हटले. पुढे तपासणीत दिसले की हे दोन्ही पतंग एकच! एकाच माणसाने एकाच किड्याला दोन वर्षांत दोन नावे दिली. नियम असा आहे की जुने नाव टिकते. म्हणून पुष्कळ वर्षे शेतीच्या पुस्तकांत झोनेलस हेच नाव चालले. पण नंतर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. झेलर नावाच्या विद्वानाने १८४७ सालीच, तेच आडनाव लावून, दुसऱ्या एका पतंगाचे नाव झोनेलस ठेवून टाकले होते. एका वर्गात एकाच नावाची आणि एकाच आडनावाची दोन मुले आली की मास्तरांची जी पंचाईत होते, तीच झाली. मागून आलेल्याने नाव सोडायचे, असा नियम. म्हणून आपल्या किड्याचे झोनेलस गेले आणि पार्टेलस राहिले.

ही कथा आम्ही एवढी लांबवून का सांगितली? जुन्या शेतीपत्रिकेत झोनेलस असते आणि नव्या पत्रिकेत पार्टेलस. वाचणाऱ्याला वाटते, दोन किडे आले, दोन औषधे हवीत. किडा एकच आहे. छापील शब्द बदलला म्हणून रानातला जीव बदलत नाही. तुम्ही आता वाचायला लागला आहात, तेव्हा अशा जागी ठेच लागणार. ती लागू नये, म्हणून सांगितले.

आता या किड्याचा मुलूख पाहू. तो मूळचा आपल्या आशियातला. भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, अफगाणिस्तान, एवढ्या दूरवर तो आहे. उष्ण आणि सखल प्रदेश त्याला मानवतो. ज्वारी आणि मका हे त्याचे मुख्य अन्न. बाजरीवर, उसावर आणि बरूसारख्या रानगवतावरही तो राहतो. म्हणून एखाद्या वर्षी गावात ज्वारी कमी पेरली तरी तो मरून जात नाही, बांधावर टिकतो. आपल्या वऱ्हाडात पूर्वीइतकी ज्वारी आता दिसत नाही. सोयाबीन आले, कपाशी आणि तूर आहेच. खोडकिडा मात्र येथेच आहे. मावशींच्या दोन एकरांत त्याने आपले घर बरोबर शोधले.

पुढची गोष्ट मोठ्या नवलाची आहे. ज्वारी ही मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी ती रानगवतातून निवडून पिकात आणली, आणि मग ती आपल्याकडे आली. म्हणजे आफ्रिका हे ज्वारीचे माहेर. तिकडे ज्वारीला त्रास देणारे किडे होते, पण हा चिलो नव्हता. १९३० च्या सुमारास तो आफ्रिकेत प्रथम आढळला, आज ज्याला मलावी म्हणतात त्या देशात. नंतर वीस वर्षे त्याची फारशी वार्ता नाही. मग १९५० नंतर तो टांझानियात दिसला, केनियात आणि युगांडात गेला, आणि थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरला. सासरचा किडा माहेरी पोचला! केनियाच्या समुद्रकाठी त्याचाच एक आफ्रिकी भाऊबंद होता. त्याला याने बाजूला सारले आणि स्वतः पसरला. गेल्या काही वर्षांत तो इस्रायलमध्ये आणि तुर्कस्तानातही जाऊन पोचला आहे.

तेथील मक्याचे आणि ज्वारीचे फार नुकसान होऊ लागले. तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी विचार केला, की हा किडा आपल्या मूळ देशात इतका माजत कसा नाही? त्याला तेथे कोणी वैरी असला पाहिजे. तसा वैरी आहे. मुंगीएवढी एक काळी गांधीलमाशी आहे. ती अळीच्या बोगद्यात शिरते आणि अळीच्या अंगात अंडी घालते. तिची पोरे अळीला आतून खातात, आणि बाहेर येऊन पांढऱ्या कापसासारखे बारीक कोश विणतात. ही गांधीलमाशी पाकिस्तानातून नेऊन, नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय कीटकसंस्थेने १९९३ साली केनियाच्या समुद्रकाठच्या भागात सोडली. ती तेथे रुजली, आणि खोडकिड्याचे प्रमाण घटले.

ही गांधीलमाशी आपल्याकडे विकत आणावी लागत नाही. ती आपल्या रानात आपोआप आहे. धांडा चिरल्यावर मेलेल्या अळीभोवती पांढऱ्या कोशांचा पुंजका दिसला, तर तो चिरडू नका. तसाच बांधावर ठेवा. त्यातून तुमच्या बाजूची फौज निघणार असते. सरसकट विषारी फवारा मारला, की ही फौज आधी मरते.

तांदळाच्या पतंगाचीही अशीच एक गोष्ट आहे, ती येथे सांगून टाकतो. कोठीत तो वैरी, पण प्रयोगशाळेत त्याला मुद्दाम पाळतात. त्याच्या अंड्यांवर मोहरीहून बारीक अशी एक गांधीलमाशी वाढवतात, आणि ती अंडी कागदाच्या पट्टीवर चिकटवून शेतकऱ्याला देतात. या पट्टीला ट्रायकोकार्ड म्हणतात. पट्टी पिकात टांगली की त्या माश्या निघून खोडकिड्यासारख्या पतंगांची अंडी शोधतात आणि त्यांत आपली अंडी घालतात. म्हणजे एका भाऊबंदाच्या अंड्यावर वाढलेली माशी दुसऱ्या भाऊबंदाची अंडी संपवते! कूळ ओळखण्याचा असाही उपयोग होतो.

आता आपल्या रानातले याचे वर्ष कसे जाते ते पाहू. पाऊस पडून ज्वारी वाढीला लागली की मादी रात्री पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. कौले एकावर एक बसवावीत तशी ती चपटी अंडी बसवलेली असतात. चार-पाच दिवसांत बारीक अळ्या निघतात आणि पोंग्यात शिरतात. तेथे गुंडाळलेले पान कुरतडतात. ते पान उलगडले की भोकांची ओळ दिसते. कागदाची घडी करून सुई टोचली आणि मग कागद उलगडला तर जसे दिसेल, अगदी तसे. ही ओळ म्हणजे पहिला इशारा. यावेळी अळी बाहेरच असते, तेव्हा तिच्यावर इलाज चालतो. पुढे ती धांड्यात शिरते. कोवळ्या झाडाचा पोंगा मरतो, मोठ्या झाडाचा धांडा पोकळ होतो आणि कणसाचा देठ मोडतो. एकदा ती आत शिरली, की वरून कितीही फवारा, तिच्या अंगाला थेंब लागत नाही. दोन ते चार आठवडे ती खाते, मग धांड्यातच कोश करते. आठ-दहा दिवसांनी पतंग बाहेर येतो. असे हंगामात दोन-तीन वेळा होते.

पण हंगाम संपल्यावर काय? येथेच खरी मेख आहे. शेवटच्या खेपेच्या अळ्या पोटभर खाऊन धांड्यातच झोपी जातात. काही रानातल्या धसकटांत राहतात, काही कडब्याबरोबर आपल्या घरी येतात. हिवाळा जातो, वऱ्हाडचा कडक उन्हाळा जातो, अळी काही खात नाही आणि मरतही नाही. पाऊस पडला, हवेत ओल आली, की ती जागी होते, कोश करते आणि पतंग होऊन शेजारच्या नव्या ज्वारीवर उडून जाते. पुढच्या वर्षीचा शत्रू आपण आपल्याच वाड्यात, गंजीत राखलेला असतो.

म्हणून धसकटे नांगराने उखडून, वेचून जाळावीत. कडबा जूनच्या आत जनावरांना घालून संपवावा. उरलेल्याची बारीक कुट्टी करावी. कुट्टी केली की आतली अळीही कापली जाते. कुट्टीमुळे गुरे कडबा टाकत नाहीत, हा दुसरा फायदा. रानात पोंगा मेलेली झाडे दिसतील ती अळीसकट उपटून काढावीत, नुसती उपटून बांधावर टाकू नयेत. खोडमाशीसाठी तर पेरणीच वेळेवर, पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी लागते. उशिरा पेरलेल्या ज्वारीवर ती तुटून पडते. मावशींचे पहिले झाड दुबार पेरलेल्या तुकड्यातले होते, ते त्यांनी मागाहून सांगितले. एवढे करूनही औषधाची पाळी आली, तर किडा डबीत घालून शेती खात्याच्या माणसाला दाखवावा आणि कोणते, किती, कधी ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. आता तुम्हाला ते वाचता येते.

उन्हाळ्यात मावशींच्या घरी जाण्याचा योग आला. अंगणात कडब्याची गंजी उभी होती. आम्ही म्हणालो, "मावशी, विळा आहे का?" गंजीतून वीस धांडे ओढून काढले आणि चिरत बसलो. सोबत मावशींचा नातू होता, तो मोजत होता. सात धांड्यांत अळ्या निघाल्या. मळकट, मुडपलेल्या, अगदी गप्प. नातवाने काडीने डिवचले तेव्हा एकीने डोके हलवले. एका धांड्यात अळी वाळून गेली होती आणि तिच्याभोवती पांढरा कापूस होता. तो धांडा मावशींनी आमच्या हातातून घेतला आणि कुंपणात खोचून ठेवला.

"बाकी गंजीचं उद्याच कुट्टी करतो जी," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन वही आणली, आणि त्या दिवशीच्या तारखेखाली मोठ्या अक्षरांत लिहिले : वीस धांडे, सात अळ्या, एक कापूस.